बबनची झोळी

बबन परत निळा पडला.

"गेला," तांबोळी सर शांतपणे म्हणाले. "केतकीताई, तुमचा प्रोग्रॅम फार विचारी आहे. श्वास द्यावा की देऊ नये, याचा विचार करता करता पोरगं गेलं."

वर्ग हसला. केतकीही हसली. सरांनी बबनच्या पाठीवरचं बटण दाबलं. त्याचे गाल परत गुलाबी झाले आणि तो टेबलावर मघासारखाच निर्विकार पडून राहिला. बबन रबराचा होता. छातीत छोटा पंप, गालांच्या आत दिवे. आईबापांनी लिहिलेला प्रोग्रॅम आधी बबनवर चालायचा, मग स्वतःच्या मुलावर.

मिरजेच्या एका इस्पितळात, तळमजल्यावर, हा वर्ग भरायचा. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले तांबोळी सर तिथे संगणकाची सी भाषा शिकवायचे, आणि शिकायला बसलेले सगळे आईबाप असायचे. कुणी रिक्षा चालवायचं, कुणी बालवाडीत शिकवायचं, एक जोडपं थेट जतहून यायचं. प्रत्येकाच्या घरी एक मूल असं होतं, की ज्याला झोपेत श्वास घ्यायची आठवण राहत नव्हती.

आपण झोपतो तेव्हा मेंदूचा एक कोपरा जागा असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की तो फुप्फुसांखालच्या पडद्याला हुकूम सोडतो, पडदा खाली सरकतो, श्वास आत येतो. या मुलांमध्ये जन्मापासूनच तो कोपराही झोपी जातो. जागेपणी मूल हसतं, ओरडतं, पाय आपटतं. डोळा लागला की हुकूम सुटेनासा होतो. जुना उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून बसवलेली नळी आणि उशाशी व्हेंटिलेटर. नवा उपाय आतून नसेवर बसवलेली केसाएवढी तार आणि छातीवर चिकटवायचं एक गोल यंत्र. यंत्र तारेला ठोका देतं, नस पडद्याला हलवते, श्वास येतो. कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. आया त्याला टिकली म्हणायच्या.

पण टिकलीनं सतत ठोके दिलेले चालत नाहीत. जागं मूल आपला आपण श्वास घेत असताना मधेच ठोका पडला तर दुधाचा ठसका लागतो. शिवाय एवढीशी नस, ती थकते. म्हणजे ठोका कधी द्यायचा हे टिकलीला क्षणोक्षणी ठरवावं लागतं. काही वर्षांपूर्वी असले निर्णय यंत्रं आपली आपण शिकून घ्यायची, आणि काही चुकलं की का चुकलं ते त्यांना बनवणाऱ्यांनाही सांगता यायचं नाही. म्हणून नियम झाला, की लहान मुलाच्या शरीरासाठी निर्णय घेणारं यंत्र वाचता येईल अशा भाषेत हवं, आणि त्यातला घरचा भाग आईबापांनी स्वतः लिहायला हवा. डॉक्टरांचा भाग कुलूपबंद. तो शेवटचा राखणदार. रक्तातला प्राणवायू खाली गेला की तो घरच्या भागाच्या हातून कारभार काढून घ्यायचा, ठोके सुरू करायचा आणि घरातल्या सगळ्यांचे फोन वाजवायचा.

"सी ही फार जुनी भाषा," सरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. "हिला मनातलं कळत नाही. नवऱ्यासारखी आहे. तोंडानं सांगाल तेवढंच करणार."

"नवरा तेवढं तरी कुठं करतोय सर?" जतची बाई म्हणाली होती, आणि शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती.

मग सरांनी शिडी शिकवली. इफ म्हणजे जर, एल्स म्हणजे नाहीतर. जर हे, नाहीतर जर ते, नाहीतर जर आणखी काही, अशा एकाखाली एक पायऱ्या. "यंत्र वरून खाली उतरतं. ज्या पायरीवर 'हो' असं उत्तर मिळालं, तिथलं काम करतं आणि शिडी सोडून देतं. खालच्या पायऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाही. लक्षात ठेवा. ढुंकूनही नाही."

केतकीनं मान डोलावली होती. बबन निळा पडल्यावर तिनं सगळं पुसून आपली शिडी नव्यानं मांडली:

जर अंग हलत असेल, तर मूल जागं आहे, ठोका नको.
नाहीतर जर मुलाचा आवाज येत असेल, तर मूल जागं आहे, ठोका नको.
नाहीतर जर श्वासाला उशीर झाला असेल, तर ठोका दे.

सरांनी वाचलं, "सुटसुटीत आहे," म्हणाले. बबनच्या छातीवर टिकली चिकटवली. बबन टेबलावर निवांत पडून श्वास घेत राहिला, गुलाबीच्या गुलाबी. केतकीनं त्याच्या रबरी गालाचा पापा घेतला, तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या.

*

जुई आता वर्षाची होत आली होती. जन्मल्यानंतर बरेच महिने तिच्या गळ्याला नळी होती, आणि नळी असलेलं मूल रडतं तेव्हा त्याचा आवाज येत नाही. हवा नळीतूनच बाहेर जाते, स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही. तोंड वासलेलं, डोळ्यांतून धार, चेहरा लालबुंद, आणि खोलीत शांतता. केतकी भांडी घासताना दर थोड्या वेळानं मागं वळून बघायची, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. टिकली बसली, नळी निघाली, भोक भरून आलं, आणि जुईनं पहिल्यांदा जो गळा काढला तो ऐकून इचलकरंजीच्या त्या गल्लीत समोरच्या यंत्रमागांचा खडखडाटसुद्धा केतकीला क्षणभर कमी वाटला होता.

घरात माग चालवणारा नवरा सारंग, केतकी, जुई आणि सासूबाई. केतकी सासूला आत्या म्हणायची, तिकडच्या पद्धतीप्रमाणे. आत्यांची उमर मागांसाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेली होती. हाताला सतत काहीतरी फिरतं लागायचं. केतकी दुपारी सुताला खळ देणाऱ्या एका सायझिंगच्या ऑफिसात जायची, तेव्हा जुई आत्यांकडे असायची.

फोन वाजायचा तो दुपारीच.

पहिल्यांदा वाजला तेव्हा केतकी चप्पल न घालता धावत घरी आली होती. जुई गादीवर बसून डबा आपटत होती. आत्या भिंतीला टेकून, घामेघूम.

"काय झालं आत्या?"

"काय न्हाई गं. झोपली हुती. ते वाजलं तशी उचलली मी."

केतकीनं फोन उघडला. टिकली आपल्या प्रत्येक निर्णयाची नोंद ठेवते. नोंद सांगत होती: जागी. जागी. जागी. मग प्राणवायू खाली, राखणदार हजर.

"झोपली नव्हती आत्या. जागी होती."

"अगं झोपल्याली हुती की. घोरत हुती बारीक."

"फोन म्हणतोय जागी होती."

आत्यांनी पदरानं कपाळावरचा घाम पुसला. मग ते परत झालं, आणि परत. दरवेळी दुपारी, दरवेळी आत्यांपाशी, आणि दरवेळी नोंदीत जुई जागी.

डॉक्टर आवटी बाई मऊ बोलायच्या, पण गोल गोल बोलायच्या नाहीत. "जागं मूल असं खाली जात नाही केतकी. कुणी छातीशी फार दाबून धरतंय का? पदराखाली घेतंय का? टिकली सरकतेय का? बघा. प्राणवायूचे असे खड्डे मेंदूला परवडत नाहीत. पुढच्या तपासणीपर्यंत हे थांबलं नाही, तर मला नळी परत बसवावी लागेल. माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही."

परतीच्या बसमध्ये जुई आनंदानं किंचाळत होती. पुढच्या सीटवरचे आजोबा दोनदा वळून बघून गेले. केतकीनं तिला गप्प केलं नाही.

घरी आल्यावर मात्र जे बोलायचं नव्हतं ते ती बोलली. "आत्या, तुम्ही तिला नेमकं कसं धरता, ते मला करून दाखवा."

आत्यांनी दाखवलं. पाटावर मांडी घातली, पोर खांद्याशी घेतली, सैल, अलगद. केतकी बघत राहिली, जशी परीक्षक बघतो तशी. सारंग दारात उभा होता. "आईनं मला वाढवलंय गं," एवढंच म्हणाला.

"तुला झोपेत श्वास घेता येत होता," केतकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आत्या पिशवी भरून लेकीकडे कुरुंदवाडला निघाल्या. "थोडे दिवस जाऊन येते," म्हणाल्या. जुईच्या पायाला हात लावला, केतकीकडे बघितलं नाही. केतकीनं थांबा म्हटलं नाही.

*

आत्या गेल्या आणि फोन वाजायचा थांबला. केतकीनं ऑफिसातून सुट्टी घेतली होती. म्हणजे आपलं बरोबर होतं, असं तिनं सारंगला बोलूनही दाखवलं. तो हूं म्हणाला.

पण जुई दुपारची झोपेना. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सपाट कडक गादी, उशी नाही, पांघरूण नाही. जुई गादीवर ठेवली की उठायची, डोळे चोळायची, छताकडे बोट दाखवून रडायची. कान दुखत असेल, दात येत असतील, केतकीनं सगळं करून बघितलं. जुईचं बोट छताकडेच.

तिसऱ्या का चौथ्या दुपारी केतकीनं एकदाचं वर बघितलं. छताला जुनी लोखंडी कडी होती. घरातल्या सगळ्या लोखंडावर गंज आणि समोरच्या मागांचा कापूस, आणि ही कडी मात्र आतल्या बाजूनं लखलखीत, रोज घासल्यासारखी.

तिनं सारंगला फोन लावला. "या कडीला काय बांधता तुम्ही?"

पलीकडे मागांचा आवाज. मग तो म्हणाला, "झोळी. आई बांधते. तू रागावशील म्हणून तू यायच्या आत सोडून ठेवते. तिला दुपारची गादीवर झोपच येत नाही गं. मलाही येत नव्हती म्हणे."

केतकीला राग आलाच. सपाट गादी सांगितलेली, लिहून भिंतीला चिकटवलेली, आणि यांनी मायलेकरांनी मिळून! पण जुई रडून रडून अर्धी झाली होती, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात आत्यांचं मऊ झालेलं जुनं नऊवारी घडी घालून ठेवलेलं सापडलं. केतकीनं ते कडीतून ओवलं. गाठ काही आत्यांसारखी आली नाही. तिनं तीनतीनदा ओढून बघितली. जुईला आत ठेवलं आणि हलकासा झोका दिला.

जुईनं एक लांब हुंदका दिला आणि झोपली. इतकी पटकन, की केतकीला हसू आलं. ती झोका देत राहिली. मुठी सैल पडल्या, ओठ अर्धवट उघडे, पापणीखाली डोळे फिरताहेत. सवयीनं दुसऱ्या हातानं तिनं फोन बघितला.

जागी.

केतकीनं जुईकडे बघितलं. गाढ. फोनकडे बघितलं. जागी. तिचा झोका देणारा हात आपोआप थांबला. झोळी हळूहळू स्थिर झाली, आणि फोनवरचा शब्द बदलला: झोप. टिकलीचा हिरवा दिवा लुकलुकला. जुईची छाती वर आली, खाली गेली.

तिनं परत अगदी हळू झोका दिला. जागी. दिवा बंद.

हात थांबवला. झोप. दिवा. श्वास.

केतकी जमिनीवर बसली. तिनं स्वतः लिहिलेली पहिली पायरी तिला अक्षर अन् अक्षर आठवत होती. अंग हलत असेल, तर मूल जागं आहे. अंग हलत होतं. हलवणारी झोळी होती, पण टिकलीनं 'कोण हलवतंय' हे विचारलंच नव्हतं, कारण तिला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं. पहिल्याच पायरीवर 'हो' मिळालं आणि तिनं शिडी सोडून दिली. श्वासाचा प्रश्न सगळ्यात खाली होता. तिथपर्यंत ती कधी उतरलीच नाही. आणि बबन? बबन बिचारा टेबलावर झोपायचा. त्याला झोळी कुणी बांधली होती?

फोन कधी वाजायचा, कुणापाशी वाजायचा, हेच तर केतकीही बघत होती. आत्या होत्या का? हो. मग झालं तर. तीसुद्धा तिथूनच शिडी सोडून गेली होती. आत्या सांगत होत्या, झोपल्याली हुती की. ते ऐकायची पायरी खाली कुठंतरी राहून गेली.

जुई झोळीत स्थिर, शांत झोपली होती, दिवा लुकलुकत होता. केतकी तोंडावर पदर घेऊन रडली, आणि ते रडणं गेल्या कित्येक दिवसांतलं सगळ्यात हलकं होतं.

*

कुरुंदवाडला आत्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. केतकी-सारंगला बघून उठल्या नाहीत.

"काय गं, फोनला इचारून आलीस का? काय म्हणतोय? मी घरात हाय का न्हाई?"

सारंगनं जीभ चावली. केतकीनं जुईला त्यांच्या मांडीवर दिलं. जुईनं आधी त्यांचं नाक धरलं.

"आत्या, ती झोपलेलीच असायची. तुम्ही म्हणत होता तसंच होतं. झोळी हलली की यंत्राला ती जागी वाटायची. मीच यंत्राला चुकीचा प्रश्न आधी विचारायला शिकवलं होतं. तुमच्याबाबतीत मीही तेच केलं."

आत्यांनी जुईच्या मुठीतून नाक सोडवलं. मग म्हणाल्या, "झोळीचं मी सांगाया पाहिजे हुतं. भ्याले. म्हटलं, पोरगी भिंतीला कागद लावून बसलीया, आता हिला काय सांगायचं."

"कागद काढला मी."

"आन् झोळी?"

"बांधली. पण मला तुमची गाठ येत नाही. चला घरी."

आत्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "गाठ काय हाय त्यात," असं म्हणाल्या. मग आत डोकावून लेकीला हाक मारली, "ए, माझी पिशवी बघ कुठाय ती."

*

पुढच्या वर्गाला आत्याही आल्या. केतकीनं सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सुटसुटीत आहे म्हणालो होतो मी," ते म्हणाले. "बबनला मीही कधी टेबलावरून उचललं नाही. बरं. आता पहिली पायरी कोणती?"

"श्वास," केतकी म्हणाली. "आधी श्वासाचं विचारायचं. बाकी सगळं नंतर."

"म्हणजे जर श्वासाला उशीर झाला असेल, तर ठोका. पण रडताना मूल श्वास धरून ठेवतं. तेव्हा ठोका दिला तर ठसका लागेल."

"मग त्याच्या आत आणखी एक जर. रडत असेल तर थांब."

"नाहीतर?" आत्यांनी मागून विचारलं. सगळे वळले. आत्या संकोचल्या, पण थांबल्या नाहीत. "न्हाई, म्हंजे, रडता रडताच डोळा लागला तर? आमची तशीच झोपती."

सर हसले. "बरोबर. म्हणजे नुसतं थांबून भागणार नाही. थांबायचं, आणि परत विचारायचं. जोवर रडतेय तोवर थोडं थोडं थांब, पण थांबायलाही हद्द हवी. हद्द संपली की ठोका. याला लूप म्हणतात."

"आमी याला डोळ्यात तेल घालून बसणं म्हणतो," आत्या म्हणाल्या.

केतकी लिहीत गेली, पुसत गेली. जतच्या बाईनं स्वतःची शिडीही उघडून बघितली आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. त्यांच्याही घरी पाळणा होता. सरांनी सगळ्यांना आपापला प्रोग्रॅम उघडायला सांगितला. मग प्रश्न आला, की बबनला हलवायचं कसं.

आत्यांनी पिशवीतून नऊवारी काढलं.

इस्पितळाच्या त्या खोलीत पंख्याशेजारी एक रिकामा हूक होता. रिक्षावाले काका टेबलावर चढले, त्यांनी हूक ओढून बघितला. आत्यांनी खालून गाठ सांगितली, मग "उतरा वं तुमी" म्हणत स्वतः बांधली. बबनला झोळीत ठेवलं, छातीवर टिकली लावली. आवटी बाईही येऊन दाराशी उभ्या राहिल्या. आत्यांनी झोका दिला.

बबन जोरात हलत होता. मग हिरवा दिवा लुकलुकला आणि रबरी छाती वर आली. खाली गेली. परत वर. आत्या झोका देतच राहिल्या, आणि बबनचे गाल गुलाबीच राहिले, इतका वेळ, की शेवटी सरच म्हणाले, "पुरे आता, पोरगं लाडावेल."

टाळ्या वाजल्या. आवटी बाईंनी केतकीच्या खांद्यावर हात ठेवला. "आजच टिकलीत घाला हा. आणि कागदावर मीच लिहिलं होतं सपाट गादी. घरोघरी जाऊन बघायला हवं होतं. नळीचं आता डोक्यातून काढून टाका."

आणि इतका वेळ सारंगच्या कडेवर शहाण्यासारखी बसलेली जुई, आपल्या आजीनं, आपल्या झोळीत, भलत्याच पोराला घातलेलं बघून, एकदम गळा काढून रडायला लागली. कान किटतील असं. खिडकीची काच झणझणली. पलीकडच्या वॉर्डातून कुणीतरी डोकावून गेलं.

"अगं घे की तिला," सारंग म्हणाला.

"घेते," केतकी म्हणाली, पण क्षणभर तशीच उभी राहिली, ऐकत.

मग बबनला बाहेर काढलं, नवा प्रोग्रॅम टिकलीत उतरवला आणि जुईला झोळीत घातलं. आत्यांच्या हातात झोका होता. जुईनं दोन हुंदके दिले, अंगठा तोंडात घातला. झोळी हलत राहिली. अंगठा हळूहळू बाहेर निसटला.

"काय म्हणतोय तुझा फोन?" आत्यांनी हळूच विचारलं.

फोन केतकीच्या पर्समध्ये होता. तिनं हलत्या झोळीच्या कडेवरून हात आत घातला आणि तळवा जुईच्या छातीवर ठेवला. झोळीबरोबर तिचा हातही पुढे-मागे जात राहिला. छाती वर आली. खाली गेली. परत वर आली.

"बघते," केतकी म्हणाली. "आधी हे."